सही करण्याआधी

रामबाग, इंदूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

"बाबांचं सगळं मी बघतो, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस," असं बाबा गेल्यावर काका म्हणाले. त्यांना नाही म्हटलं तर वाईट दिसेल का, असं तू विचारलंस. दिसेल, थोडे दिवस. तरी घराचा कारभार तूच हातात घे. काकांच्या मनात काही वाईट नसेलही, पण आईचं म्हातारपण आणि भावाचं शिक्षण दुसऱ्याच्या मर्जीवर टाकू नये.

राजवाड्यासमोरच्या अहिल्याबाईंच्या पुतळ्याला आपण येता-जाता हात जोडतो. त्यांचा कारभार मात्र कोणी नीट सांगत नाही. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला, 1766 मध्ये सासरे मल्हारराव, 1767 मध्ये मुलगा मालेराव. तेव्हा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला, राघोबादादा फौज घेऊन निघाले. बाई बधल्या नाहीत, कारण काम त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. 1765 मध्ये मल्हारराव त्यांना पत्रातून सांगत होते की तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जा, दारूगोळ्याची तजवीज करा. सासऱ्याने सुनेवर अशी कामं सोपवली होती, हे मला देवळांइतकंच मोठं वाटतं.

आणि पैसा. 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नीला, गौतमाबाईंना, खासगी जहागीर दिली. तिचं उत्पन्न त्यांच्या हातात, दौलतीचा हिशेब निराळा. सासूमागून ती खासगी सुनेकडे आली आणि तिच्यातून घाट बांधले गेले, देवळं उभी राहिली. म्हणून माझं पहिलं सांगणं: तुझ्या पगाराचं खातं तुझ्या एकटीचं ठेव, घरखर्चाचं वेगळं काढ.

आता कामाचं. एका रविवारी आईला आणि भावाला जवळ बसवून बाबांचं कपाट उघड. घराची रजिस्ट्री, संपत्तिकराच्या पावत्या, पासबुकं, विम्याचे कागद, लॉकरची किल्ली, सगळं एका वहीत उतरव आणि शेवटी तिघांच्या सह्या घे. बँकेच्या खात्यावर नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे पैसा त्याचा झाला असं नाही, तो वारसांचा असतो. वडिलोपार्जित मालमत्तेत 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मापासूनचा. घरातली सर्वांत मोठी मुलगी एकत्र कुटुंबाची कर्ता, म्हणजे कारभार पाहणारी, होऊ शकते, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं आहे. "बहिणी सही करून देतात, आपल्यात तशीच रीत आहे," असं म्हणत कोणी हक्कसोडपत्र पुढे करील. चहा घे, कागद घरी आण, वकिलाला दाखव. तिथल्या तिथे सही करायची नाही.

मंडळाने अध्यक्षपद देऊ केलंय, ते जरूर घे. पण आधी विचार, खात्यावर सही कोणाची? आपल्या मध्य प्रदेशात पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या, तरी कितीतरी गावांत सरपंचबाईंचे यजमानच खुर्चीवर बसतात. पावतीपुस्तक दुसऱ्याच्या खिशात आणि समई लावायला तू, असं असेल तर मला ते पटणार नाही. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागेल, ही अट पहिल्याच सभेत मांड.

आईला विचारल्याखेरीज काही ठरवू नकोस. वाण्याची उधारी, कोणाच्या लग्नात किती आहेर दिला, कोणाशी किती ताणायचं, हे तिला तोंडपाठ आहे. आणि कर्ती झालीस म्हणून स्वयंपाकही तुझ्याच गळ्यात, हे मुळीच चालू देऊ नकोस. भावाला कणीक भिजवायला शिकव, वीज आणि पाण्याची बिलं त्याच्याकडे दे. ऑफिसातून दमून येऊन पोळ्या लाटायच्या आणि मग हिशेबाला बसायचं, अशाने महिन्याभरात वही बंद पडेल.

मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती जास्तीच्या काढून ठेव. बँक, विमा, महापालिकेतलं नामांतरण, सगळीकडे मागतात. महापालिकेत जाशील तेव्हा मला कळव, मी बरोबर येते.

आईला नमस्कार.

तुझी,
मावशी