ब्रेक पाइप गंजलाय, तेवढाच तुकडा कापून बदलला तर चालेल का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की गाडी २००४ ची मारुती ८००, डोंबिवलीच्या मामांकडनं सोलापूरला आणली, मागच्या बाजूला पाइप गंजून ब्रेक ऑइल पाझरतंय, आणि मेकॅनिक म्हणतोय गंजलेला वीतभर तुकडा कापतो, तांब्याचा पाइप जोडतो, अर्ध्या तासाचं काम आहे. चालेल का, आणि घरी करता येईल का.

नाही चालणार. मी हाच शहाणपणा स्वतः करून बसलोय म्हणून एवढं ठाम सांगतोय.

माझी २००१ ची ८०० होती, रत्नागिरीतनं आलेली. आपल्याकडं गाडी सहसा गंजत नाही, उन्हानं रंग उडतो, डॅशबोर्ड तडकतो, पण पत्रा टिकतो. त्यामुळं इथल्या बऱ्याच मेकॅनिक लोकांना गंजलेल्या ब्रेक लाइनची सवयच नाही, समुद्राकडनं आलेली एखादी गाडी हातात आली की ते फ्रिजचा पाइप जोडावा तसं जोडून मोकळे होतात. माझ्याही गाडीला असाच तुकडा टाकला होता, एसीवाले वापरतात तो मऊ तांब्याचा पाइप आणि दोन बाजूला पितळी जॉइंट. आठ महिने काहीच झालं नाही. मग एका मंगळवारी तुळजापूरहून येताना घाट उतरत होतो, पुढं टमटम, ब्रेक दाबला तर पेडल गपकन खाली. बायको शेजारी प्रसादाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, तिला कळलंच नाही काय झालं ते, तिला फक्त मी एवढ्या जोरात हँडब्रेक का ओढतोय हे विचारायचं होतं. दुसरा गिअर, हँडब्रेक आणि जो काही अर्धा ब्रेक उरला होता त्याच्यावर गाडी कडेला लागली.

अर्धा ब्रेक उरला तो अशामुळं की पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत साधारणपणे ब्रेक ऑइलची दोन वेगळी सर्किटं असतात, पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर आणि पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर. एक फुटलं तरी दुसरं थोडं धरतं. पण पेडल खूप खाली जातं आणि गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं, आणि घाबरलेला माणूस तेवढ्यात पेडल पंप करत बसतो.

नंतर तुकडा काढून पाहिला तर जॉइंट चांगला होता, जॉइंटच्या मागं अर्ध्या बोटावर तांब्याला गोल चीर गेलेली, नखाच्या कडेएवढी बारीक. तांबं मऊ असतं म्हणून वाकवायला सोपं, पण इंजिनच्या थरथरीनं आणि रोजच्या दाबानं ते हळूहळू कडक होत जातं आणि जिथं जॉइंटनं घट्ट धरलंय त्याच्या शेजारीच तुटतं. टायरमध्ये हवा असते दोन बारच्या आसपास, जोरात ब्रेक मारला की या पाइपात दाब ७० ते १०० बारपर्यंत जातो. फ्रिजचा जॉइंट त्यासाठी बनवलेलाच नाही.

दुसरी गोष्ट, जिथनं पाझरतंय तिथं नुसतं भोक पहिलं पडलंय. पाइपाच्या पत्र्याची जाडीच ०.७ मिलिमीटर असते, बाहेरनं गंजाचे पापुद्रे दिसतायत म्हणजे आतली बाकीची लाइन पण कागदासारखी झालेली असणार. खाली झोपून टॉर्च मारा आणि पेट्रोल टाकीच्या वर, मागच्या एक्सलजवळ, आणि जिथं जिथं क्लिपा आहेत तिथं बघा. क्लिपेत आपली काळी माती चिकटून बसते आणि ती पाणी सोडत नाही, पाऊस जाऊन महिना झाला तरी आत ओल असते. वायर ब्रश हळू फिरवा, खड्डे दिसले की लाइन गेली समजा. एक बाजू गंजलीय तर दुसरी पण बदला, दोन्ही तेवढ्याच वर्षांच्या आणि त्याच मिठाच्या हवेतल्या आहेत. मी एकच बदलली होती, मग दीड वर्षानं परत खाली झोपलो.

आता पाइप कुठला घ्यायचा. पहिल्यांदा कंपनीचा वाकवलेला तयार पाइप मागा, चेसिस नंबर घेऊन स्पेअर पार्टवाल्याकडं जा. ८०० बंद झाली २०१४ मध्ये तरी पार्ट अजून फिरतात, मला एक बाजूचा मिळाला, दुसऱ्या बाजूचा आलाच नाही. नाही मिळाला तर ब्रेकसाठीचाच ४.७५ मिलिमीटरचा स्टीलचा पाइप, किंवा मिळाला तर तांबं-निकेलवाला, त्यात ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल असतं, हातानं वाकतो आणि गंजत नाही. दिसायला तांब्यासारखाच असतो म्हणून दुकानदार साधं तांबं गळ्यात मारू शकतो, ब्रेकचा आहे असं पाकिटावर लिहिलेलं असेल तरच घ्या.

घरी करता येईल का, तर हो, पण एक काम सोडून. ते काम म्हणजे फ्लेअर, पाइपाचं तोंड फुलवणं. एसीवाल्याच्या टूलनं एकेरी फ्लेअर होतो, ब्रेकला दुहेरी लागतो, म्हणजे तोंड आधी आत वळवायचं मग त्याच्यावर शंकू दाबून घडी बसवायची, म्हणजे कडेला पत्रा डबल होतो. एकेरी फ्लेअर बसतो, गळत पण नाही आणि नंतर एक दिवस फाटतो. (काही युरोपियन गाड्यांना आणखी वेगळा, बुडबुड्यासारखा फ्लेअर असतो, जुना पाइप बघितल्याशिवाय काही कापू नका.) मी टूल आणलं आणि पहिले पाच फ्लेअर कचऱ्यात टाकले, कुणाचं तोंड वाकडं, कुणाला चीर. सहावा जमला आणि मग लक्षात आलं की पाइपात नट घालायचाच विसरलो. हसू नका, तुमचंही होणार. नट आधी, फ्लेअर नंतर. पाइप पाइप-कटरनं सरळ कापायचा, करवतीनं नाही, आतली बाहेरची धार घासायची, तोंडाला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावायचा. हे जमत नसेल तर मापं आणि जुना पाइप घेऊन ब्रेकचंच काम करणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाकडनं फ्लेअर मारून आणा, त्यात कमीपणा नाही.

जुना पाइप काढताना सगळ्यात मोठं भांडण नटाशी होतं. दहाचा साधा पाना लावला की कडा गोल होतात. नटासाठी वेगळा पाना येतो, रिंग पान्यासारखा पण पाइप आत जायला एका बाजूनं फटीचा, तोच घ्या. आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा. आणि खरी युक्ती ही की पाइप जाणारच आहे ना, मग नटाच्या मागनं पाइप कापूनच टाका आणि नटावर सहा कोनी सॉकेट बसवा. मी अर्धा दिवस नटाशी झटत होतो आणि शेजारचे रिटायर्ड एसटी मेकॅनिक काका कंपाउंडवरनं बघत होते, शेवटी म्हणाले, "काय करलालास बे, कापून टाक की." दोन मिनिटांत निघाला.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. पेडल एखादा इंच खाली दाबून काठीनं सीटला टेकवून ठेवलं तर वर बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल उघड्या पाइपातनं गळत राहत नाही. जुना पाइप शक्यतो अख्खा काढा, त्याला बघूनच नवीन वाकवायचा. वाकवताना डबल ए सेलची बॅटरी किंवा जाड सॉकेट आधाराला घ्या, पाइप चेपला की तो तुकडा गेला. जुन्या क्लिपा परत त्याच जागी, सायलेन्सरपासनं लांब आणि पत्र्याला कुठंच घासत नाही हे बघून. आतनं हवा मारून साफ करा. नट आधी बोटांनी तीन-चार आटे जाऊ द्या, मगच पाना, १५-१६ न्यूटन मीटर म्हणजे घट्ट, लोंबकळायचं नाही.

मग एअर काढायची, म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा. ब्रेक ऑइलचा ग्रेड डॉट ३ किंवा डॉट ४, डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच, आणि बाटली नवीन फोडा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं असलं की तोच आकडा १५५ वर येतो. कपाटातली दोन वर्षांपूर्वीची अर्धी बाटली फेका. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढं ढकलतो तो, ड्रायव्हरच्या बाजूला आहे म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक पहिलं, मग मागचं उजवं, मग पुढची. एक जण पेडल दाबून धरणार, दुसरा चाकाजवळचं हवा सोडायचं निपल उघडणार आणि पेडल सोडायच्या आधी बंद करणार, डबी रिकामी होऊ द्यायची नाही. इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही: जुन्या गाडीत पेडल पार तळाला दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचा आतला जो भाग वर्षानुवर्षं वापरला गेला नाही तिथं घाण आणि गंज असतो, रबर त्याच्यावरनं गेलं की फाटतं आणि मग पाइप नवीन, सिलिंडर खलास.

झालं की इंजिन चालू करून पेडल जोरात एक मिनिट दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जॉइंटखाली पेपर धरा. कोरडा राहिला तर आधी मोकळ्या मैदानात दहाच्या स्पीडनं, हँडब्रेकवर हात ठेवून. घाट नंतर.

पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारून घेतात ना, ते स्टीलच्या पाइपाला ठीक आहे, पण चाकाजवळच्या रबरी होजवर, म्हणजे लवचिक पाइपावर, उडालं तर होज फुगतो. तसंच ब्रेकचं रबर रॉकेलनं धुवायला कुणी निघालं तर हात धरा, ते फक्त ब्रेक ऑइलनंच धुवायचं. आणि ऑइल बॉनेटच्या कडेला सांडलं तर लगेच पाणी ओता, नुसतं पुसू नका. माझ्या ८०० च्या डाव्या मडगार्डवर अजून तळहाताएवढा डाग आहे, रंग उचलून निघाला तिथनं.