कृतिसंशोधन फक्त बीएडच्या मार्कांपुरतंच असतं का? विषय कोणता घेऊ?

कृतिसंशोधन म्हणजे आपल्याच वर्गातला प्रश्न घेऊन शिक्षकानं स्वतः उपाय करून बघणं. मार्कांपुरतंच हवं असेल तर जुन्या बॅचच्या फायली फिरत असतात, शाळेचं नाव बदला नि द्या, बरेचजण तेच करतात. पण मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, नोकरी करत बीएड केलं, आणि या विषयावर माझं डोकं जरा लवकर तापतं म्हणून लिहितेय.

आमच्याकडे बाजाराच्या दिवशी चौथी-पाचवीच्या पोरी गायब. स्टाफरूमचं उत्तर ठरलेलं, पालकांना शिक्षणाची किंमत नाही. मी पोरींनाच वह्या दिल्या, आपापल्या गल्लीत कोण कधी घरी राहतं नि का ते विचारून लिहा म्हटलं. निघालं काय, तर आई भाजी घेऊन बाजारात आणि धाकटं लेकरू थोरलीच्या कडेवर. मग आयांची बैठक घेतली, तीही रात्री जेवणं उरकल्यावर, दिवसा त्यांना वेळ कुठला. त्याच म्हणाल्या लेकरं सोबत शाळेत येऊ द्या. आली, तर वर्गात नुसती रडारड, शिकवणं बंद. परत बसलो. एक आजी म्हणाली मी बसते व्हरांड्यात त्यांना घेऊन, मग आज्यांनी आपसात पाळ्या लावल्या आणि ते चाललं, हजेरीपटावर दिसायला लागलं.

हे सगळं बघून आमचे बीएडचे गाईड म्हणतात कसे, यात नियंत्रित गट (तुलनेसाठी उपायाविना ठेवलेली मुलं) कुठाय, टी-मूल्य (दोन गटांतला फरक योगायोगाचा नाही ना, ते तपासायचा आकडा) कुठाय, हा नुसता उपक्रम झाला! अहो, मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविननं १९४६ साली मांडलं ते हेच, ठरवा, करा, काय झालं ते बघा, पुन्हा ठरवा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरीनं १९५३ च्या पुस्तकात हेच शिक्षकांच्या हातात दिलं. नियंत्रित गट म्हणून काय निम्म्या पोरींना मुद्दाम लेकरं सांभाळायला घरी ठेवू? मार्क त्यांच्या हातात होते म्हणून तेव्हा गप्प बसले, आता बोलते.

विषय तुमच्या वर्गात रोज खटकतं त्यातलाच घ्या, आणि ज्यांचा प्रश्न आहे त्यांना प्रश्नावली भरून घेण्यापुरतं बोलवू नका, उपाय ठरवताना बसवा. तुमच्या विद्यापीठाचा आराखडा वेगळा असेल तर तो पाळा बाई, नापास होऊ नका. आणि यानं सगळं सुटतं असंही नाही, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला घरंच्या घरं उठतात, तिथं व्हरांड्यातली आजी काय करणार. रिपोर्टची पीडीएफ मागू नका, देणार नाही.