टेकऑफच्या वेळी टायर फुटला तर पायलट विमान तिथेच का थांबवत नाहीत?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय, "न थांबणं म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळ नाही का?" नाही. मी एअरबस ए-320 या प्रवासी विमानाचा कॅप्टन होतो आणि हेच वाक्य माझा सख्खा थोरला भाऊ प्रत्येक लग्नकार्यात चार माणसांसमोर मला ऐकवतो. आमचा टायर फुटला तेव्हा तो मागे केबिनमध्ये बसलेला होता.

त्या दिवशी व्ही-वन, म्हणजे ज्या वेगानंतर थांबायचं नाही, उडायचंच, तो वेग 145 नॉट होता (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर). 130 ओलांडले आणि डावीकडून धाडकन आवाज आला. पायाखाली थरथर सुरू झाली, विमान डावीकडे ओढायला लागलं. उजवा रडर (शेपटीवरचं दिशा वळवणारं पातं) पायाने दाबून नाक मधल्या रेषेवर धरलं, इंजिनांचे आकडे पाहिले. सगळे जागच्या जागी. "गो" म्हटलं आणि व्ही-वनला थ्रस्ट लिव्हरवरचा, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांवरचा, हात काढला.

जमीन सुटल्यावर को-पायलट म्हणाला, "पॉझिटिव्ह क्लाइंब," म्हणजे विमान नक्की वर चढतंय. एरवी यावर तोंडून आपोआप "गिअर अप", म्हणजे चाकं आत घ्या, असं निघतं. मी चाकं खालीच ठेवली. टायरच्या लोंबत्या चिंध्या आत अडकल्या तर चाक पुन्हा खाली येईलच याचा भरवसा नसतो. शिवाय तापलेलं चाक हायड्रॉलिकच्या (दाबाखालच्या तेलाच्या) नळ्यांशेजारी कोंडायचं कशाला? 1991 साली सौदी अरेबियातल्या जेद्दाहून निघालेल्या डीसी-8 या प्रवासी विमानाचे हवा कमी असलेले टायर धावतानाच पेटले आणि ती जळती चाकं आत घेतली गेली. 261 माणसं गेली, एकही वाचला नाही.

दादाचं म्हणणं, ब्रेक मारायला काय झालं होतं? अरे, ब्रेक चाकांनाच असतात! टायर फुटलेलं चाक काय पकड देणार? 140 नॉटला जिरवायची ऊर्जा 100 नॉटच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि थांबण्याच्या अंतराचं गणित सगळे टायर धड आहेत असं धरूनच मांडलेलं असतं. म्हणून व्ही-वनच्या आधीच्या 20 नॉटांत टायर फुटला आणि इंजिनं ठीक असली, तर उडावं हेच शहाणपणाचं. परतताना अख्खा रनवे मिळतो, खाली अग्निशमन दल सज्ज असतं, वजनही उतरलेलं असतं. उतरण्याआधी आम्ही घिरट्या घातल्या त्या वजन उतरवण्यासाठीच. ए-320ला इंधन हवेत सोडता येत नाही, जाळावंच लागतं.

हां, वेग 100 नॉटच्या आत असता तर मी थांबलो असतो. आग लागली असती तर वजन न बघता लगेच उतरलो असतो. आणि 2000 साली अपघात झालेल्या काँकॉर्ड विमानासारखं टायरच्या तुकड्याने इंधनाची टाकी फोडली, तर ही सगळी गणितं कोलमडतात, हेही खरं.

चाक नुसतंच आत जात नसेल तर घाबरू नका, उतरायला ते बाहेरच लागतं. प्रवाशाने क्रू सांगेल तसं वाकून बसावं आणि बॅगेला हात लावू नये.

रबराचे तुकडे जिथे सापडले तिथून पुढे किती रनवे उरला होता, ते मी दादाला कागदावर आखून दाखवलंय. फुटक्या टायरनिशी विमान तेवढ्यात थांबलं असतं, अशी हमी मी आजही देणार नाही.