छोट्या गावातल्या लॅबमध्ये सीटॅब वापरून मेसोपोरस टिटॅनिया बनतं का? भट्टीतून काढल्यावर लो अँगल पीकच गायब होतो

बनतं. परभणीत बनतं, नांदेडात बनतं. (नवख्यांसाठी: सीटॅब हा साबणासारखा रेणू. त्याच्या गोळ्यांभोवती टायटॅनियम ऑक्साइड म्हणजे टिटॅनिया जमवून भट्टीत सीटॅब जाळलं की नॅनोमीटरएवढी छिद्रं उरतात, तेच मेसोपोरस. लो अँगल पीक ही छिद्रं ओळीनं असल्याची एक्स-रे डिफ्रॅक्शनमधली खूण.) तुम्ही लिहिलंय की 'आमच्याकडं हे होणारच नाही असं गाईड म्हणतात', ते वाचून राहवलं नाही, कारण हेच वाक्य मला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलंय.

तेव्हा मी परभणीत प्रोजेक्ट करत होते. टिटॅनियाआधी हात बसावा म्हणून सिलिकाचं एमसीएम-४१ घेतलं, तेही सीटॅबनंच बनतं. संध्याकाळी सीटॅब कोमट पाण्यात विरघळवून झाकून ठेवायचं अन् सकाळी टीईओएस, म्हणजे सिलिका देणारं द्रव, टाकायचं. डिसेंबर होता. सकाळी बघते तर बीकरच्या तळाशी पांढऱ्या सुयांचा गुंता. सर म्हणाले वजन चुकलं, फेक. फेकलं. पुन्हा केलं, पुन्हा सुया, असं तीन आठवडे चाललं अन् शेवटी सर म्हणाले, तुझ्या हाताला हे जमायचं नाही. त्यानंतरचा बीकर मी फेकला नाही, कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवला, थोड्या वेळात सगळ्या सुया विरघळल्या अन् द्रावण एकदम नितळ. सीटॅबचा क्राफ्ट पॉइंट २५ अंशांच्या आसपास असतो, त्याखाली ते मायसेल (रेणूंचे गोळे) करायचं सोडून स्फटिक होऊन खाली बसतं, आणि आपल्याकडं डिसेंबरात रात्री पारा १० च्याही खाली जातो. मायसेलच नाहीत तर सिलिका जमणार कशाभोवती? हे सांगितलं तर सर म्हणाले, हवामान शेतकऱ्यानं बघावं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक पानावर तारखेखाली खोलीचं तापमान अन् आर्द्रता असते. तुम्हीही लिहा, कोणी काही म्हणू दे.

आता तुमचा पीक. छिद्रांमधली सिलिकाची भिंत अमॉर्फस, म्हणजे स्फटिक न होता, राहते म्हणून टिकते. टिटॅनिया तापवलं की ॲनाटेजचे, म्हणजे त्याच्या स्फटिकांचे, कण वाढायला लागतात, अन् सीटॅबनं बनलेली भिंत पातळ असल्यानं कणच ती फोडून टाकतात. सीटॅबऐवजी पी१२३ हे पॉलिमर घ्या, भिंत जाड येते. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाच्या स्टकी यांच्या ग्रुपनं त्याच पॉलिमरनं, इथेनॉलमध्ये मेटल क्लोराइड घेऊन, टिटॅनिया-झिर्कोनियासकट कितीतरी ऑक्साइड केलेत. क्लोराइडऐवजी टायटॅनियमचं आयसोप्रोपॉक्साइड वापरत असाल तर आधी ॲसिड नाहीतर ॲसिटिलॲसिटोन घाला, नुसत्या पाण्यात टाकलं की लगेच पांढरा गाळ होतो, त्याला टेम्प्लेट (सीटॅब नाहीतर पी१२३) गाठणार कधी? भट्टी मिनिटाला १ अंश, आधी ३५० लाच थांबवून पीक बघा. मध्येच लाईट गेली तर ते सॅम्पल बाद धरा अन् तसं वहीत लिहा. मेमधल्या कोरड्या हवेत सुकवलेलं जेल अन् ऑगस्टमधलं जेल सारखं येत नाही, हे तुमच्या गाईडना पटत नसेल तर दोन्ही महिन्यांचे पीक शेजारी ठेवून दाखवा.

एक राहिलंच, सुयांचा त्रास पाण्यातल्या रेसिपीचा आहे, इथेनॉलमध्ये सीटॅब सहज विरघळतं, त्यामुळं तुमची अडचण ती नसेलही. तरी उद्या सकाळी बीकर उजेडात धरून तळ एकदा बघाच.