वाचकांचे प्रश्न : थोड्या पैशांतला मोटारींचा पाठलाग

प्रश्न : १९७७ सालचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ हा विनोदी चित्रपट पाहिला. अल्प खर्चात असा वेगवान पाठलाग कसा साधतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काटकसरीसाठी ख्यात असलेले निर्माते रॉजर कॉर्मन या चित्रपटामागे होते. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड तेव्हा अवघे तेविशीत होते. नायकाची भूमिका त्यांनीच केली आणि पटकथाही वडिलांसह लिहिली. वडिलांची रोल्स-रॉईस घेऊन लास व्हेगासकडे प्रियकरासह निघालेली मुलगी, एवढेच कथानक असल्याने बहुतेक चित्रीकरण उघड्या रस्त्यावर होऊ शकले.

वेगाचा भास स्वस्तात निर्माण करण्याची जुनी युक्ती अशी, की पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे दाखवली जात असताना कॅमेऱ्याने २०च टिपायची. मग ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटार ६०ने धावताना दिसते. शिवाय कॅमेरा रस्त्यालगत खाली ठेवतात. खंबाटकी घाटात एसटीच्या पहिल्या बाकावरून वेग जसा अंगावर येतो, तसा मागून येत नाही. तोच हा परिणाम. मला मात्र खरे श्रेय संकलनाचे वाटते, कारण विनोदी धडकेत हशा नेमका कुठे पिकेल, हे दृश्य नेमके कुठे कापले, त्या क्षणावर ठरते.