जागलीचे कुत्रे शिकारीला लागते तेव्हा

प्रश्न : आमचे वावर वरोरा तालुक्यात झुडपी जंगलाला लागून आहे. कपाशीत आणि तुरीत रात्री रानडुकरे व रोही शिरतात, म्हणून जागलीसाठी दोन गावठी कुत्री पाळली आहेत. वर्षभरापासून ती सशांच्या मागे लागू लागली आणि त्यांनी मारलेला ससा दोनदा शेजाऱ्यांनी शिजवून खाल्ला. मागच्या आठवड्यात त्यांनी नाल्याकाठी चितळाचे पाडस मारले. एका मोठ्या मादीलाही बराच वेळ पिटाळले, पण ती जखम न होता निसटली. आता दोन दिवसांपासून एक कुत्रा जेवत नाही, खोकतो आणि त्याच्या नाकाडोळ्यांतून चिकट स्राव येतो. खाणे वाढवले तर त्यांची शिकारीची सवय सुटेल काय?
– एक शेतकरी, जि. चंद्रपूर

उत्तर : तुम्ही शेवटी लिहिलेली गोष्ट सर्वांत आधी हाती घ्यावी लागेल. ताप, खोकला, नाकाडोळ्यांतून चिकट स्राव आणि अन्नावरची वासना उडणे ही कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराची सुरुवात असू शकते. हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता तुम्ही त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले असेल, अशी आशा आहे. नेले नसेल तर आजच न्यावे. त्याला दुसऱ्या कुत्र्यापासून वेगळे बांधावे, त्याची पाण्याची घमेली वेगळी ठेवावी आणि बरा दिसू लागल्यावरही निदान काही आठवडे वावरात किंवा नाल्यावर सोडू नये, कारण बाहेरून बरे वाटणाऱ्या कुत्र्याच्या शरीरातूनही विषाणू बाहेर पडत राहतो. या आजारावर नेमके औषध नाही. उपचार लक्षणांवर केले जातात. पुढे झटके येऊ लागले किंवा वागणे बदलले, तर त्याच्या तोंडात हात घालू नये, कारण पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणेही अशीच दिसू शकतात. चुकून चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा.

मी इतक्या कळकळीने लिहितो, त्याला तुमच्या कुत्र्याइतकेच त्या नाल्याचेही कारण आहे. डिस्टेंपर हा केवळ कुत्र्यांचा आजार नाही. आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ मध्ये या विषाणूने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तेथील सिंहांपैकी जवळपास एक तृतीयांश मेले. गुजरातच्या गीर जंगलात २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत दगावले, त्यांतील अनेकांमध्ये हाच विषाणू आढळला. वाघ, बिबट, कोल्हा, खोकड आणि रानकुत्रे या सर्वांना तो होऊ शकतो. तुमच्या भागाच्या एका अंगाला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे आणि तिथले वाघ-बिबट प्रकल्पाची हद्द पाळत नाहीत. बिबट तर कुत्र्यालाच भक्ष्य करतो. आजारी कुत्र्याने अर्धवट खाल्लेल्या पाडसावर रात्री कोल्हा येणे किंवा आजारी कुत्र्यालाच बिबट्याने उचलणे, या दोन्ही वाटांनी आजार रानात जाऊ शकतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्याच्या आत आणि पाच किलोमीटरच्या परिसरात पाळलेल्या जनावरांना संसर्गजन्य रोगांच्या लसी देण्याची तरतूद आहे, तीही याच धोक्यासाठी. दुसऱ्या कुत्र्याला लस टोचण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. पुढे पिल्लू आणाल तेव्हा त्याला सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून डिस्टेंपरची आणि ते तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढे रेबीजची लस दरवर्षी चुकवू नये.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. खाणे वाढवल्याने शिकार थांबत नाही. पळणारी वस्तू दिसली की तिच्या मागे धावणे हा कुत्र्याचा उपजत स्वभाव आहे आणि तो भुकेवर अवलंबून नाही. पोटभर जेवलेले कुत्रेही सशामागे तितक्याच जोराने धावते. नियमित वेळी पोटभर खाणे द्यावेच, कारण त्यामुळे कुत्रे घराजवळ राहते आणि उकिरड्यावर किंवा मेलेल्या जनावरावर जात नाही. एवढ्यावर मात्र भागणार नाही. दोन कुत्री मिळून शिकार करायला शिकली की एकट्या कुत्र्याला जमले नसते ते त्यांना जमू लागते, म्हणून निदान काही महिने दोघांना एकाच वेळी मोकळे सोडू नये.

जागलीसाठी कुत्र्याने डुकरामागे जंगलात धावण्याची गरज नाही, भुंकणे पुरेसे आहे. मात्र रात्री उघड्यावर साखळीने बांधलेले कुत्रे बिबट्याच्या तोंडी देण्यासारखे आहे. म्हणून मचाणाशेजारी वरूनही बंद असलेले मजबूत लोखंडी जाळीचे खुराडे करावे; कुत्रे आतून वास घेईल, भुंकेल आणि स्वतःही वाचेल. दिवसा दोन खुंटांमध्ये ताणलेल्या तारेवर कडी घालून साखळी अडकवली तर त्याला धुऱ्याच्या लांबीभर फिरता येते. नर कुत्र्याची नसबंदी केल्यास लांबवर भटकणे बरेच कमी होते.

निसटलेल्या मादीविषयी लिहिताना मला वाईट वाटते, पण ते सांगितले पाहिजे. दात न लागता सुटलेले चितळ वाचतेच असे नाही. भीतीने आणि अतिश्रमाने त्याच्या स्नायूंची झीज होते, त्यातून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडावर भार टाकतात आणि असे जनावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी झुडपात पडून मरते. ज्या पाठलागात काहीच झाले नाही असे आपल्याला वाटते, त्यातही जीव जाऊ शकतो. पाडसाचे तर पळणेही अपुरे असते. पहिले काही दिवस आई त्याला गवतात निश्चल बसवून चरायला जाते आणि कुत्र्याच्या नाकापुढे त्याचे हे लपणे कामी येत नाही. असे एकटे पाडस दिसले तर अनाथ समजून घरी आणू नये, कुत्र्यांना तेथून दूर न्यावे.

सशाविषयी थोडक्यात सांगतो. कुत्र्याने मारलेला असो वा मेलेला सापडलेला असो, संरक्षित वन्यप्राण्याचे शव ही कायद्याने शासनाची मालमत्ता आहे आणि ते ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावे लागते. शिजवून खाणे हा गुन्हा आहे. शेजाऱ्यांना हे आपुलकीने, पण स्पष्ट सांगा.

प्रश्न : आमच्या गावातील काही मुले रविवारी कुत्री घेऊन घोरपडी काढायला जातात. मी त्यांचा शिक्षक आहे. कुत्र्याने पकडली तर आपला दोष नाही, असे ती म्हणतात. त्यांना काय सांगावे?
– एक शिक्षक, जि. बुलढाणा

उत्तर : त्यांचा समज चुकीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पाठलाग करणे, हाकणे, पकडणे आणि त्यांचा प्रयत्न करणेही येते. प्राण्यावर कुत्रे सोडणे ही शिकारच आहे. घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने संरक्षित आहे आणि तिच्या शिकारीला कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. मुलांना शिक्षेची भीती घालण्याआधी घोरपड शेतात उंदीर, किडे आणि सापांची अंडी खाते हे दाखवावे. शेतकऱ्याच्या घरच्या मुलांना ही भाषा लवकर समजते, असा माझा अनुभव आहे. तरीही प्रकार चालू राहिला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवण्यास संकोच करू नये.

प्रश्न : धानाच्या कोठीतील उंदरांसाठी आम्ही मांजर पाळली आहे. ती उंदीर धरते, पण सकाळी चिमण्या, बुलबुलाची पिल्ले आणि सरडेही आणून टाकते. सासूबाई म्हणतात, मांजरीचा स्वभाव बदलत नाही. गळ्यात घुंगरू बांधावे का?
– एक गृहिणी, जि. गोंदिया

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे खरे आहे, पण स्वभाव तोच ठेवून वेळ बदलता येते. उंदीर रात्री निघतात. पक्षी, विशेषतः नुकतीच उडायला शिकणारी पिल्ले, पहाटे जमिनीजवळ असतात. म्हणून मांजरीला दिवेलागणीपासून ऊन चांगले वर येईपर्यंत कोठीच्या खोलीतच कोंडावे. तिचे काम तिथेच आहे आणि बाहेरच्या पिलांची ती वेळ टळते. घुंगराचा उपयोग अनिश्चित आहे. काही अभ्यासांत शिकार कमी झाली, काहींत फरक पडला नाही.

खाण्याचा विचार इथे वेगळा करावा लागतो. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे आणि आपण तिला दूध-भातावर ठेवतो. इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांसाचे प्रमाण जास्त असलेला आहार दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली आणि रोज पाच-दहा मिनिटे खेळवलेल्या मांजरांची २५ टक्क्यांनी. तुमच्याकडे बोडीतले मासे मिळतात. रोज थोडे उकडलेले मासे किंवा अंडे द्यावे आणि संध्याकाळी दोरीला चिंधी बांधून मुलांनी तिला खेळवावे. मांजर कोठीत असताना उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड ठेवू नये, कारण विष खाल्लेला उंदीर खाऊन तिलाही विषबाधा होऊ शकते.

तिच्या तोंडातून सुटलेले पिल्लू वरून धडधाकट दिसले तरी दातांच्या बारीक छिद्रांतून गेलेल्या जंतूंमुळे एक-दोन दिवसांत मरू शकते. त्याला दाणापाणी भरवत न बसता हवेशीर खोक्यात, अंधाऱ्या शांत जागी ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.