तुमचे प्रश्न : ‘हा कसला चित्रकार?’

प्रश्न : नातीच्या पुस्तकात एडवर्ड लिअरच्या पाच ओळींच्या गमतीच्या कविता आहेत आणि शेजारी त्यानेच काढलेली लांब नाकाची, काडीसारख्या पायांची माणसे. परिचयात मात्र ‘निसर्गचित्रकार’ असे छापले आहे. हा कसला चित्रकार? तो पुण्यालाही येऊन गेला म्हणतात, ते खरे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खरे आहे. आणि ‘कसला चित्रकार’ म्हणाल तर व्हिक्टोरिया राणीला चित्रकला शिकवलेला. 1846 मध्ये त्याने राणीला बारा धडे दिले. त्याच वर्षी त्याच्या कवितांचे पहिले पुस्तक निघाले आणि पुढे त्या पुस्तकाने चित्रकाराला पार झाकून टाकले. मी तीस वर्षे शाळेत ड्रॉइंग शिकवले. लिअरचे नाव घेतले की मुले हसायची, आणि मला दर वेळी वाईट वाटायचे.

जन्म 1812 चा, लंडनजवळचा. एकवीस भावंडांत हा विसावा. वाढवले ते एकवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या ॲन या बहिणीने. लहानपणापासून अपस्माराचे झटके येत. ते दुखणे त्याने जन्मभर लपवले. पंधराव्या वर्षी चित्रे विकून पोट भरायला लागला आणि अठराव्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोपट काढायला बसला. त्या काळी पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून चित्रे काढायची पद्धत होती. याने जिवंत पोपट समोर घेतले. राखणदाराने पक्षी हातात धरायचा आणि याने मापे घ्यायची. पोपटांची 42 चित्रे त्याने स्वतः दगडावर रेखाटून शिळाछापाने छापली, प्रती 175. एकेका पिसाची रेघ पाहावी, असे ते काम आहे. पण डोळे बिघडत गेले. 1836 मध्ये त्याने एका पत्रात लिहिले की शहामृगापेक्षा लहान पक्षी आता आपल्याला दिसेनासा होणार. पुढच्याच वर्षी तो रोमला गेला आणि निसर्गचित्रांकडे वळला.

पुढची चाळीसएक वर्षे फिरस्तीची. इटली, ग्रीस, अल्बानिया, इजिप्त, पेट्रा, लेबनॉन. मला सगळ्यात भावते ती 1850 ची गोष्ट. राणीचा शिक्षक राहिलेला, सदतीस वर्षांचा हा माणूस लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या शाळेत विद्यार्थी म्हणून पोरांबरोबर जाऊन बसला, कारण मनुष्याकृती आपल्याला नीट येत नाही, असे त्याचे त्यालाच वाटत होते. दोनच वर्षांनी तो तैलरंगांसाठी विल्यम होल्मन हंट या चित्रकाराकडे शिकला. हंट त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी हा त्याला ‘डॅडी’ म्हणायचा. शिकण्याची एवढी ओढ मी फार थोड्या चित्रकारांत पाहिली.

पैशाने मात्र कधी साथ दिली नाही. लेबनॉनच्या देवदारांचे नऊ फुटी चित्र त्याने जिवापाड मेहनतीने केले. बागेत देवदार आहेत म्हणून थेम्सकाठच्या एका हॉटेलात हिवाळाभर मुक्काम ठोकला आणि रोज झाडे समोर ठेवून रंगवले. किंमतही मोठी लावली. समीक्षकांनी झोडपले, आणि अखेर काही वर्षांनी ते 200 गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून थोडे जास्त) गेले.

आता भारत. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून तो एकसष्टाव्या वर्षी, नोव्हेंबर 1873 मध्ये, मुंबईत उतरला. बरोबर जॉर्जिओ हा कॉर्फू या ग्रीक बेटावरचा जुना नोकर. मुंबईचे बंदर आणि माणसांचे तऱ्हेतऱ्हेचे पेहराव पाहून तो हरखून गेला. काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, आग्रा असे करत 1874 च्या पावसाळ्यात पुण्यात राहिला. कांचनजंगा त्याला आधी जवळचा वाटेना. फार दूरचा, फार देवासारखा वाटला. तरी त्याच डोंगराची तीन मोठी तैलचित्रे त्याने परत गेल्यावर इटलीतल्या सान रेमोच्या घरी केली. तिथेच तो 1888 मध्ये वारला.

पुण्यात राहिला त्या 1874 च्या जुलैत मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्याची एक कविता आली. तिच्यात नायिका धोबीवर बसते, खानसामे झाडांसारखे उंच वाढतात आणि शेवटी कमरबंद येऊन तिला गिळतो! नातीला ही नक्की वाचून दाखवा. इंग्रज मुलांपेक्षा आपल्या मुलांना ती जास्त कळेल.

प्रश्न : पावसाळ्यात बाहेर बसून रंगवता येत नाही, कागद वाळत नाही. जलरंगाची निसर्गचित्रे या दिवसांत कशी करावीत?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वरच्याच लिअरकडे याचे उत्तर आहे. तो जागेवर फक्त पेन्सिलने रेखाटायचा आणि रंग कागदावर अक्षरांत लिहून ठेवायचा. अमुक खडक कसा, सावली कुठल्या छटेची, झाड कशाचे, सगळे त्या त्या जागी. कोपऱ्यात तारीख आणि वेळसुद्धा. स्पेलिंग मनाला येईल तसे. खडकांना तो ‘रॉक्स’ लिहिताना शेवटी चक्क ‘एक्स’ घालायचा. मग मुक्कामावर दिव्याच्या उजेडात पेन्सिलीवर शाई फिरवायची, लिहिलेल्या शब्दांवरसुद्धा, आणि त्यावर पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा हलका थर. मला त्याच्या मोठ्या तैलचित्रांपेक्षा हेच कागद थोर वाटतात. तैलचित्रात तो घाबरून फार घोटतो, इथे हात मोकळा सुटतो.

गेल्या श्रावणात मेणवलीच्या घाटावर मी हे करून पाहिले. छत्रीखाली वीस मिनिटे मिळाली. कागदावर लिहिले : ‘पायऱ्या – ओल्या, शिसवी काळ्या. शेवाळ कडेला, पोपटी नव्हे, हळद मिसळलेले. नदी – चहाचा रंग, मध्ये राखाडी पट्टा. 4.40, सर थांबली.’ रंग लावले ते रात्री घरी. ‘चहाचा रंग’ वाचल्याबरोबर ते गढूळ पाणी जसेच्या तसे समोर उभे राहिले. मोबाइलवर काढलेल्या फोटोत तीच नदी नुसती तपकिरी होती.

पेन्सिल मात्र टूबी (2B), म्हणजे जरा मऊ, घ्या, आणि शाई पाण्याने न पसरणारी. लिअरचे भारतातले बहुतेक कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत आणि त्यांतले पुष्कळ इंटरनेटवर मोठे करून पाहता येतात. आधी चित्र पाहू नका, अक्षरे वाचा.